आग्रहाचं निमंत्रण आणि काळी यादी

त्या खोलीला खिडकी होती, पण मालकांनी ती विटा लावून बुजवून टाकली होती. यंत्राला धूळ चालत नाही आणि सांगलीत धुळीला तोटा नाही, हे त्यांचं कारण. माणसाला हवा लागते याचा विचार कुणी केला नव्हता. त्या खोलीत मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचे. समोर सर्व्हर, म्हणजे आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची ई-मेल ज्यातून येते-जाते तो एक मळकट पांढरा खोका. शेजारी लुकलुकणाऱ्या मोडेमची रांग. पलीकडच्या मोठ्या खोलीत लोकांना बसायला काही कॉम्प्युटर. नव्वदचं दशक संपत आलं होतं, खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी नुकतीच मिळाली होती, आणि सातारा-सांगलीकडं आम्ही ते विकत होतो.

मालक साताऱ्याचे. मूळचा धंदा विहिरीवरच्या मोटारींचा. मोटार बसवून दिली की पाणी येतं, तसंच इंटरनेटचं असणार अशी त्यांची समजूत होती. मी वाईची, लग्न होऊन सांगलीला आले. नवरा कॉलेजात शिकवायचा आणि मालक त्याचे मित्र, म्हणून ते मला वहिनी म्हणायचे आणि वहिनी वहिनी म्हणत सगळी कामं माझ्या गळ्यात मारायचे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला जगभर 'पोस्टमास्टर' म्हणतात. त्या नावाचा एक पत्ताच असतो. आमच्याकडं तो माझा होता. कुणाच्या मेलचं काहीही बिनसलं की लोक त्या पत्त्यावर शिव्या घालत. सगळ्या शिव्या पोस्टमास्तर पुरुष आहे असं धरून असत, तेवढंच समाधान.

एका सकाळी अमेरिकेला जाणारी मेल परत यायला लागली. सगळी नाही. तिकडच्या एका मोठ्या कंपनीकडं ज्यांचे पत्ते होते तेवढ्यांचीच. पण आपल्याकडून अमेरिकेला गेलेल्या बहुतेक पोरांनी तिचाच पत्ता घेतलेला, त्यामुळं म्हणायला तेवढीच, पण जवळजवळ सगळी. प्रत्येक परत आलेल्या पत्राला इंग्रजीत एक चिठ्ठी जोडलेली. तुमच्या सर्व्हरवरून नको असलेली पत्रं घाऊक येतात, त्याचा नंबर आम्ही काळ्या यादीत टाकला आहे, इथून पुढं तुमचं काहीही घेणार नाही.

तिकडून येणारं टपाल मात्र व्यवस्थित येत होतं. पोरं विचारत होती, आईचं ऑपरेशन झालं का, बाबांची साखर किती आहे, आणि इकडून उत्तर जात नव्हतं. मग पोरं परत विचारत होती, काय झालंय, लपवू नका. म्हातारी माणसं जिना चढून वर यायची आणि माझ्या दारात उभी राहून म्हणायची, "तुम्ही पाठवत नाही का हो आमचं?" मी काय सांगणार?

कारण शोधायला फार कष्ट पडले नाहीत. उंब्रजला आमचे एक गिऱ्हाईक होते, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. घरचा भरपूर ऊस, मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये. गावात ई-मेल पहिल्यांदा त्यांनी घेतली, आणि कराड-उंब्रज पट्ट्यातली आमची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या शब्दावर आलेली. मुलाचं लग्न पलूसच्या मुलीशी ठरलं होतं. आता आमच्या भागात लग्नाचं आमंत्रण म्हणजे काय प्रकरण असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. भावकीतलं एक घर चुकून राहिलं तर ते घर पुढं तीन पिढ्या तुमच्या दारात पाय ठेवत नाही. सुभेदारांनी मुलाकडून तिकडच्या मराठी मंडळींचे पत्ते मागवले. तिथल्या मराठी मंडळाचे, मंडळाच्या बाहेरचे, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, शेकड्यांनी पत्ते. आणि सगळ्यांना पत्रिका पाठवली. एका बोटानं टाइप केलेली, आमचे येथे श्रीकृपेकरून पासून हेच आग्रहाचे निमंत्रण समजून अगत्य येण्याचे करावे पर्यंत, रोमन अक्षरांत.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण नुसती पत्रिका देऊन भागत नाही. पत्रिकेनंतर तोंडी आवतण द्यायचं असतं, आणि त्यानंतर परत एकदा आठवण करायची असते, तेव्हा कुठं माणसाला बोलावल्यासारखं होतं. सुभेदारांनी रीत सोडली नाही. सगळ्यांना तीनदा पाठवलं. तिकडं न्यू जर्सीत बसलेल्या कुणाला तरी उंब्रजच्या अनोळखी घरातलं आमंत्रण तिसऱ्यांदा आलं आणि त्यानं तक्रार केली. मग दुसऱ्यानं, मग अनेकांनी.

मी सुभेदारांना फोन लावला आणि शक्य तेवढं सौम्यपणे सांगितलं.

"म्हंजी?" ते म्हणाले. आवाज परेड ग्राउंडवरचा, रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागायचा. "आमंत्रण दिल्याचा बी गुन्हा असतोय व्हय?"

"काका, त्यांना वाटतं ही जाहिरात आहे."

"आवं, जाहिरात कसली? जेवायला बोलवतोय लोकांस्नी. परदेशात गेली म्हून काय झालं, आपलीच माणसं हायती न्हवं?"

मी फोन ठेवला आणि ती इंग्रजी चिठ्ठी पुन्हा वाचायला घेतली.

यादीतून नाव काढून घ्यायची रीत त्या कंपनीनं लिहून ठेवली होती. अमुक पत्त्यावर अर्ज करा, अर्ज तुमच्या सर्व्हरच्या पोस्टमास्टरच्याच पत्त्यावरून आला पाहिजे. मी केला. तो परत आला, कारण अर्जाचा पत्ताही त्याच कंपनीचा होता आणि आमच्याकडून काहीही घ्यायचं नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. मग मी फुकटात मिळणाऱ्या दुसऱ्या एका पत्त्यावरून अर्ज केला. ताबडतोब यंत्राचं उत्तर आलं: आम्ही फक्त सर्व्हरच्या जबाबदार व्यक्तीशी बोलतो, कृपया तिच्या अधिकृत पत्त्यावरून लिहा. अधिकृत पत्त्यावरून लिहिलं, परत आलं. खोलीत कोंडलेल्या माणसाला सांगायचं की दार उघडून देतो, पण तसा अर्ज बाहेर येऊन दे. मी टेबलावर हात आपटला, त्यानं फक्त चहा सांडला.

शेवटी फोन. सकाळी लवकर, तिकडं संध्याकाळ असताना. एक दाबा, दोन दाबा, वाट पाहा, गाणं ऐका, आणि गाणं ऐकता ऐकता लाइन तुटायची. पुन्हा पहिल्यापासून. एकदाची एक बाई मिळाली. अतिशय गोड बोलली. म्हणाली, तुमची अडचण समजते, पण नियम आहे. कंपनीच्या लेटरहेडवर, मालकाच्या सहीनं फॅक्स करा की ज्याच्या खात्यावरून ती पत्रं गेली ते खातं कायमचं बंद केलं आहे. मी म्हटलं, अहो, ती लग्नपत्रिका होती. ती म्हणाली, अभिनंदन. पण नियम नियमच.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं साताऱ्याला गेले. मालकांचं दुकान पोवई नाक्याजवळ, खाली मोटारी आणि पाइप, वर माळ्यावर इंटरनेट कंपनीचं ऑफिस. मी सगळं सांगितलं. त्यांनी पंखा वाढवला.

"वहिनी, सुभेदारांचं खातं बंद करायचं? वरबापाचं? लग्नाच्या तोंडावर?"

"नाहीतर बाकीच्यांचं टपाल जाणार नाही."

"उद्या उंब्रजवरून माझी गाडी जाऊ देतील का ते? निम्मं गिऱ्हाईक एका दिवसात उठून जाईल." मग आवाज खाली आणून, "तुम्ही असं करा, बंद केलं म्हणून लिहून द्या. बंद करू नका."

"आणि त्यांनी उद्या देवकाची पत्रिका पाठवली म्हणजे? मग ती कंपनी आपल्याला जन्मात घेणार नाही. आणि मी खोटं लिहून देणार नाही."

"मग लग्न होऊ दे, त्यानंतर बघू," असं म्हणून त्यांनी खालून पोहे मागवले. मी पोहे खाल्ले नाहीत, एवढाच माझा निषेध. परतीची गाडी उंब्रजला थांबली तेव्हा क्षणभर वाटलं, उतरावं आणि सुभेदारांच्या वाड्यावर जाऊन सांगावं. पण मालकांचं ऐकायचं नाही तर नोकरी सोडायची, आणि नोकरी सोडली तर तो सर्व्हर सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. मी बसूनच राहिले. कंडक्टरनं बेल मारली.

आता त्या मुलीबद्दल. ती लग्नातली नवरी. पलूसची, बागायतदार घरातली, बी.एस्सी. झालेली. सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स करते असं सांगून एक दिवसाआड बसनं यायची आणि कोर्स संपला की आमच्याकडं येऊन त्या मुलाला मेल लिहायची. त्याची यायची ती वाचायची. बघायला आला तेव्हा त्यानंच जाताना पत्ता दिला होता, आणि हिनं आमच्याकडं खातं उघडून आपला पत्ता कागदावर लिहून भावाकरवी त्याच्या हातात दिला होता. ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून स्वतःशी हसायची ते मी येताजाता पाहिलेलं. मी साताऱ्याहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"ताई, माझं पत्र सारखं परत येतंय."

मी काळी यादी समजावून सांगितली. कुणामुळं तेही सांगितलं. ती आधी हसली. "मामांच्या पत्रिकेमुळं? आमच्याच लग्नाच्या?" आणि हसता हसता रडायला लागली. मी पाणी आणायला उठले, तर म्हणाली, "ताई, तुम्ही ह्या बाजूला बसा ना. मला त्या कानानं ऐकू येत न्हाई."

लहानपणी ताप आला होता, त्यात उजवा कान गेला. पूर्ण. घरातल्यांशिवाय कुणाला माहीत नाही. मुलगा बघायला आला तेव्हा आत्यानं तिची खुर्ची अशी मांडली की उजवीकडं भिंत आणि डावीकडं पाहुणे. सगळं झकास पार पडलं. लग्न ठरल्यावर आईनं, आत्यानं, चुलत्यांनी बजावलं, एवढ्या लहान गोष्टीचा गवगवा करायचा नाही. आणि ही त्याच्याशी मेलवर बोलत राहिली आणि तो तिला आवडत गेला, आणि जितका आवडला तितकं तिला जड व्हायला लागलं. शेवटी लिहिलं. लिहायला बरेच दिवस घेतले. आणि नेमकं तेच पत्र परत आलं.

"लग्नानंतर कळलं तर फसवलं म्हणतील," ती म्हणाली. "फसवलं म्हणून आणून सोडतील. आत्ता न्हाई म्हणाला तर चालंल मला, ताई. तवा न्हाई म्हणाला तर मी कुठं जाऊ?"

हे एवढंच होतं तिचं. त्यानं हो म्हणावं हे नव्हे, त्याला लग्नाआधी कळावं, आणि तिच्या तोंडून कळावं. फोन घरी पुढच्या सोप्यात, जिथं सगळे बसतात, चुलत्यांच्या खुर्चीशेजारी. साधं पत्र टाकलं तर ते पोचेपर्यंत तो विमानात बसलेला असणार. मी म्हटलं, त्या फुकटच्या पत्त्यावरून पाठवू, तिथून जातं. ती म्हणाली, "दोन निनावी पत्रं आधीच आलीत उंब्रजला. हे तिसरं समजतील."

आमच्या भागात हाही एक रिवाज आहे. लग्न जमलं की कुणाच्या तरी पोटात दुखतं, आणि मग मुलाच्या घरी बिननावाचं पत्र येतं. मुलीचं आधी एकदा मोडलंय, मुलीला फिट येते, मुलीचा बाप कर्जात बुडालाय. म्हणून शहाणी घरं अशी पत्रं वाचतात, फाडतात आणि पत्र लिहिणाऱ्याला शोधत बसतात. पत्रातलं खरं आहे का, हे सहसा कुणी शोधत नाही. तरी दुसरा मार्ग नव्हता. मी तिला नवा पत्ता काढून दिला, तिनं सगळं परत लिहिलं, खाली लिहिलं, ही मीच आहे. आणि आम्ही पाठवलं.

दोन दिवसांनी त्याचं पत्र आलं, तिच्या नेहमीच्या पत्त्यावर. कुणीतरी तुझ्या नावानं घाणेरडा प्रकार करतंय. हे तू लिहिलं आहेस का? लगेच कळव. तिनं लगेच कळवलं. ते परत आलं. पुन्हा कळवलं, पुन्हा परत आलं. फुकटच्या पत्त्यावरून कळवलं, त्यावर तो काही बोललाच नाही. मी तिच्या खुर्चीमागं उभी होते. परत आलेलं पत्र पडद्यावर दिसलं की तिचे खांदे खाली जायचे, आणि मला त्या सर्व्हरला लाथ घालावीशी वाटायची.

मग त्यानं तिच्या घरी फोन केला. ते तिनं मला नंतर सांगितलं. सोप्यात सगळे बसलेले. चुलत्यांनी फोन घेतला, ख्यालीखुशाली झाली, आणि रिसीव्हर तिच्या हातात देऊन ते तिथंच बसून राहिले. तो म्हणाला, ते खरं आहे का, एवढंच सांग.

"मग?"

"मी म्हणाले, सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "ताई, दुसरं काय म्हणणार होते मी तिथं?"

आणि त्यानंतर सुभेदार आले. सांगलीला, स्वतः, न कळवता. मुलानं ते तिसरं पत्र बापाला पाठवलं होतं, त्याचा छापलेला कागद त्यांच्या खिशात होता. माझ्या दारात उभं राहून त्यांनी तो बाहेर काढला. फेटा, पांढऱ्या मिशा, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"ताई, हे कुणी पाठिवलं ते तुमच्या यंत्रात कळतंय न्हवं?"

कळत होतं. मीच पाठवायला मदत केली होती. खोटं बोलावं तर ते आणखी कुणा गरिबाच्या मागं लागणार, खरं बोलावं तर ती दुसऱ्याची गोष्ट. मी म्हटलं, "काका, बसा तरी."

"बसत न्हाई. ज्यानं लिवलंय त्याला आदी बगतो. आमच्या सुनंला भैरी म्हणतोय! म्या आज सोडत न्हाई."

बोलता बोलता त्यांची नजर बाहेरच्या खोलीत गेली. ती कोपऱ्यात बसली होती, आमच्याकडं उजवी बाजू करून, पडद्यात डोळे घालून. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अगं पोरी! तू हितं?"

त्या आवाजानं खोलीतली बाकीची सगळी माणसं वळली. एका म्हाताऱ्या बाईंनी चष्मा काढला. ती वळली नाही. ते दोन पावलं पुढं गेले आणि पुन्हा हाक मारली. आवाज कमी नव्हता, पण कुठून आला ते तिला कळलं नसावं. तिनं भलतीकडंच पाहिलं, दरवाजाकडं, जिथं कुणी नव्हतं.

त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. हातातला कागद पाहिला, घडी केली, खिशात ठेवला. मग परत माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले.

"खरं हाय व्हय?"

"तिला विचारा," मी म्हटलं.

लोकांच्या माना वळलेल्या पाहून तिनं मागं पाहिलं, आणि तीच आत आली. पदर नव्हता, तरी ओढणी डोक्यावर घेतली. दारात उभी राहून म्हणाली, "व्हय. मीच लिवलंय ते. दुसऱ्या कुणी न्हाई."

त्यांना राग आला. आला म्हणजे चांगलाच आला. तिच्या बापानं, चुलत्यानं खरं लपवून ठेवलं, आमच्या अब्रूशी खेळ केला, असं बरंच बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणून तर लिहीत होते, मामा. तुमाला कुणी सांगणार न्हवतं."

"आन् त्यानं फोनवर इचारलं तवा?"

"फोन चुलत्यांच्या शेजारी असतोय. आन् माझ्या पत्त्यावनं लिवलेलं परत येतंय."

त्यांनी खिशातला कागद परत काढला आणि उघडून पाहिला. मग माझ्याकडं वळले. "तिचं पत्र कशानं अडकलंय?"

मी सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. तुमच्या पत्रिकेनं अडकलंय, आणि तुमचं खातं बंद केल्याशिवाय वाट उघडणार नाही. त्या पत्त्यात त्यांचं नाव होतं, आणि नावाआधी सुभेदार. भेटेल त्याला ते तो पत्ता अभिमानानं सांगायचे, गावातल्या शाळेच्या समारंभात फळ्यावर लिहून दाखवला होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"करा बंद."

"मालक नको म्हणतात."

"मालकाला फोन लावा. म्या सांगतो." लावला. रिसीव्हर माझ्या कानाशी नसतानाही मला मालकांचं हो साहेब, हो साहेब ऐकू येत होतं. फोन ठेवून ते उठले. "पोराला मी काय बी सांगणार न्हाई," ते तिला म्हणाले, रागातच. "तुझं तू सांग. तुझ्याच पत्त्यावनं सांग."

साताऱ्याहून सहीचा फॅक्स गेला. मी खातं बंद केलं. मग नुसती वाट बघणं. तिकडून कसलंही उत्तर येत नव्हतं, मी रोज चाचणीची एक मेल टाकत होते आणि ती रोज परत येत होती. आणि एका सकाळी आली नाही. कुणी कळवलं नाही, माफी नाही, अभिनंदन नाही. नुसती परत आली नाही. मी आणखी एक टाकली. तीही गेली. त्या खोलीत मी एकटी होते म्हणून बरं, कारण मी खुर्चीवरून उठून चक्क नाचले.

दुपारपर्यंत अडकलेल्या सगळ्यांची पत्रं गेली. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना सांगितलं, मालकांनी पेढे पाठवले. ती आली, बसली, आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहिलं. आधीची पत्रं का आली नाहीत, फोनवर तसं का म्हणाले, सगळं. बटण दाबलं आणि आम्ही दोघी पडद्याकडं पाहत राहिलो. ते परत आलं नाही.

उत्तरही आलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. आता ती रोज यायला लागली. यायची, खातं उघडायची, रिकामं पाहायची, बसून राहायची. आधीचे दिवस बरे होते असं मला वाटायला लागलं. तेव्हा निदान शिव्या द्यायला ती अमेरिकेतली कंपनी होती. आता वाट स्वच्छ मोकळी होती आणि तिच्यावरून कुणी येत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा सर्व्हर तपासत होते, कुठं काही अडकलंय का. काहीही अडकलेलं नव्हतं. मी तिला म्हणायचे, कामात असेल गं. ती मान हलवायची. मला माझाच राग यायचा.

सुभेदार आले ते असेच एके दुपारी. जिन्यावर त्यांची पावलं ऐकली आणि बाहेर येऊन पाहिलं तर त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं. ती नेहमीच्या कोपऱ्यात होती. त्यांनी हाक मारली नाही. खुर्च्यांच्या मधून आत गेले, तिच्या मागून वळसा घालून डाव्या हाताला गेले, एक स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसले. त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"पोरी, त्याचा फोन आलता. न्हाई म्हणतोय."

ती पडद्याकडंच पाहत राहिली.

"म्हणतोय, फोनवर इचारलं तवा ठीक हाय म्हणाली. म्या सांगितलं, तिनं त्याच्या आदीच लिवलं हुतं, माझ्या पत्रिकेनं अडवलं. तिची चूक न्हाई. त्यावर म्हणला, असंल तसं, पन आता मन घेत न्हाई." ते थांबले. "लय बोललो त्याला. न्हाई ऐकला. ऐकलंस न्हवं बाळ?"

"ऐकलं," ती म्हणाली.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिनं खात्यातून बाहेर येऊन कॉम्प्युटर बंद केला, मी सगळ्यांना शिकवलं होतं तसं नीट, एकेक करून. मग त्यांच्याकडं वळली. "मामा, घरी कोण सांगंल? मी सांगितलं तर म्हणतील, तुझ्यामुळं मोडलं."

"मी सांगणार. आत्ताच जायचंय, जीप खाली हाय."

"काय सांगाल?"

"पोरगी खरं बोलली आन् आमचं पोरगं कमी पडलं, असं. तुझ्या बापाम्होरं, चुलत्याम्होरं, समद्या भावकीम्होरं."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि त्यांच्याबरोबर जिना उतरली.